अर्ध्या वाटेवरचे निकाल

चिनी वेब-कादंबऱ्यांच्या वाचकांविषयी मी एकदा जाहीरपणे लिहिलं आणि त्यातलं बरंचसं चुकीचं होतं. एका दिवाळी अंकातल्या लेखात मी म्हटलं होतं की या वाचकांना फक्त नायकाची सरशी हवी असते, पात्रांचं त्यांना सोयरसुतक नसतं, आणि आवडतं पात्र मेलं की ते लेखकाला धमकावतात. तोवर अशा मोजक्याच कादंबऱ्या मी इंग्रजी अनुवादात वाचल्या होत्या, त्याही पानं गाळत. संपादकांनी लेख विश्वासानं छापला, वाचणाऱ्यांनीही विश्वासानंच वाचला असणार. म्हणून कुठे काय चुकलं ते सविस्तर सांगणं मला भाग आहे. त्यासाठी तीन कादंबऱ्यांतल्या मोठ्या घटना उघड कराव्या लागतील. ‘बॅटल थ्रू द हेवन्स’, ‘लॉर्ड ऑफ मिस्टरीज’ आणि ‘मो दाओ जू शी’ ज्यांना कोऱ्या मनानं वाचायच्या असतील त्यांनी हा लेख तूर्त बाजूला ठेवावा.

धमक्यांचं आधी सांगते, कारण ते लगेच सांगून होण्यासारखं आहे. लेखकानं आवडतं पात्र मारलं की चिनी वाचक म्हणतात, आता याला टपालानं ब्लेड पाठवतो. ही तिथली रुळलेली बोलण्याची रीत आहे. आपल्याकडे आई पोराला ‘तंगडं मोडून हातात देईन’ म्हणते, तेव्हा ऐकणारा कुणी पोलिसांना बोलावत नाही. मी मात्र ते बोलणं शब्दशः घेतलं आणि त्यावरून एका अख्ख्या वाचकवर्गाला हिंसक ठरवून मोकळी झाले. त्या वाक्यामागे कुणीतरी मेल्याचं खरं दुःख आहे, हे शोधायला फार कष्ट पडले नसते. ते मी घेतले नाहीत.

दुसरी चूक जास्त खोलवरची होती. मी या कादंबऱ्या पूर्ण झाल्यावर, सलग आणि घाईनं वाचत होते. ज्यांच्या प्रतिक्रियांवर मी शेरे मारले ते वाचक त्या रोज थोड्याथोड्या वाचत आले होते. छिद्येन हे तिथलं मोठं संकेतस्थळ 2002 मध्ये सुरू झालं आणि 2003 मध्ये त्यानं पैसे भरून वाचण्याची पद्धत आणली. सुरुवातीची प्रकरणं फुकट, पुढची हजार चिनी अक्षरांमागे दोन-तीन फन अशा दरानं. फन म्हणजे युआनचा शंभरावा भाग. लेखक रोज एक-दोन प्रकरणं टाकतो. एखाद्या दिवशी जमणार नसेल तर वाचकांना रीतसर रजेची चिठ्ठी लिहितो. महिन्याच्या क्रमवारीत वर राहण्यासाठी त्यांच्याकडे मतं मागतो. पुढे तर प्रत्येक परिच्छेदाला प्रतिक्रिया लिहिण्याची सोय झाली, त्यामुळे एखाद्या वाक्यापाशी शेकडो वाचक थांबून बोललेले दिसतात.

अशा वाचकाचं बोलणं त्या दिवसापुरतं असतं. तो काही ग्रंथपरीक्षण लिहीत नसतो. आज नायकाचा भर सभेत अपमान झाला, पुढचं प्रकरण उद्या येणार, मधली रात्र काढायची आहे. तो चिडतो, लेखकाला दोष देतो, कुणाला तरी शिव्या घालतो. उद्या त्याचं मत बदलतं आणि परवा तो आधीचं विसरतो. मी त्या एका रात्रीची चीड उचलली आणि तेच त्याचं साहित्याविषयीचं मत म्हणून लेखात मांडलं. हरिभाऊ आपट्यांच्या यमूची कहाणी ‘करमणूक’मधून क्रमशः येत होती हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. तरी हप्त्याहप्त्यानं वाचणाऱ्याचं वाचन वेगळं असतं, ही गोष्ट मला इथे सुचली नाही.

या चुकीचा फटका माझ्या भाचीला बसला. तिनं ‘लॉर्ड ऑफ मिस्टरीज’ वाचायला घेतली होती. ‘पाण्यात बुडी मारायला आवडणारा कटलफिश’ असं टोपणनाव घेतलेल्या लेखकाची ही कादंबरी 2018 ते 2020 या काळात क्रमशः आली. आजच्या चीनमधला एक तरुण जागा होतो तो क्लाइन मोरेट्टी नावाच्या भलत्याच माणसाच्या देहात, व्हिक्टोरियन इंग्लंडसारख्या दिसणाऱ्या एका जगात. पहिला खंड दोनशेहून अधिक प्रकरणांचा आहे. टिंगेन नावाच्या शहरात क्लाइन आपला भाऊ बेन्सन आणि बहीण मेलिसा यांच्याबरोबर राहतो. राय पाव कितीला मिळाला, घरभाडं कसं भरायचं, आठवड्याच्या पगारात मटण परवडेल का, यावर लेखक पानंच्या पानं देतो. मी ती पानं गाळली होती. भाचीलाही सांगितलं, ‘‘पहिला खंड भराभर उरकून टाक गं. डन मेला की मग खरी गोष्ट सुरू होते.’’

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘मावशी, डन मरतो?’’

मी सारवासारव करायला गेले आणि आणखी दोन गोष्टी सांगून बसले. तिनं फोन बाजूला ठेवला आणि आत निघून गेली. रागावली असती तर बरं झालं असतं. नंतर काही दिवसांनी तिनं मला सांगितलं की डन आला की आता तिला हसू येत नाही, प्रत्येक वेळी पुढचंच दिसतं. तिचं ते वाक्य ऐकल्यावर मी पहिला खंड मुळापासून वाचायला घेतला, रोज थोडा, काहीही न गाळता. आपण तिचं नेमकं काय हिरावून घेतलं ते तेव्हा समजलं.

डन स्मिथ हा ‘नाइटहॉक्स’ या गुप्त तुकडीचा कप्तान. शांत, जबाबदार, आणि विलक्षण विसरभोळा. क्लाइनशी बोलणं संपवतो, क्लाइन दाराकडे निघतो, आणि डन त्याला परत हाक मारतो, कारण एक गोष्ट सांगायची राहिलेली असते. हे इतक्यांदा होतं की पुढेपुढे क्लाइन दारापाशी मुद्दाम सावकाश चालतो, हाक येणारच म्हणून. वाचकांना ही जागा फार आवडते. तिथे ते हसतात, पुढच्या हाकेची वाट बघतात. आता या जगाचा नियम असा आहे की शक्ती हवी तर एक अर्क प्यावा लागतो, आणि प्रत्येक अर्क माणसाकडून काही ना काही वसूल करतो, तोल सुटला तर माणूस राक्षस होतो. डनचं विसरणं ही त्यानं मोजलेली किंमत आहे. वाचक ज्याला हसतो ती त्या माणसाची झीज आहे, आणि हे लेखकानं लपवलेलंही नाही. फक्त हाक इतकी ओळखीची करून ठेवली आहे की झिजेकडे लक्षच जात नाही.

खंडाच्या शेवटी शहर वाचवताना डन मरतो. त्याच प्रसंगात क्लाइनही मारला जातो. तो पुन्हा उठतो खरा, पण बेन्सन आणि मेलिसा यांच्या लेखी तो मेलेलाच राहतो आणि त्याला त्या घरी परत जाता येत नाही. पावाच्या किमतीची ती सगळी पानं कशासाठी होती, ते इथे उमजतं. पणाला लागलं होतं ते हेच घर, हीच जेवणाची वेळ, पैशाला जपणारी ही धाकटी बहीण. ते ज्यानं रोज थोडंथोडं वाचलं तो त्या घरात राहून आलेला असतो. मी ते घर गाळून थेट अंत्यविधीला पोचले होते, आणि वर म्हणत होते की चिनी वाचक उगाच रडारड करतात.

या कादंबऱ्यांत भरताड नसते असं माझं म्हणणं नाही. अक्षरांवर पैसे मिळतात तिथे ती येणारच. चिनी वाचक त्याला पाणी घालणं म्हणतात आणि लेखकाला त्यावरून झोडपतातही. पण पाणी कुठलं आणि रस कुठला हे चाखून बघावं लागतं. मी न चाखताच सांगत सुटले होते.

आता नालान यानरानविषयी. या पात्रावर मी जो अन्याय केला त्याची मला सर्वांत जास्त बोच आहे. ‘बॅटल थ्रू द हेवन्स’ 2009 ते 2011 या काळात आली, लेखकाचं टोपणनाव थ्येनत्सान थुदोऊ. नायक पायरीपायरीनं बलवान होत जातो अशा कादंबऱ्यांमधली ही बहुधा सर्वांत नावाजलेली. श्याओ यान हा लहानपणी कुळातला सर्वांत हुशार मुलगा. मग अचानक त्याची शक्ती ओसरते आणि तीन वर्षं तो सगळ्यांच्या थट्टेचा विषय होतो. अशात नालान यानरान ही मुलगी आपल्या पंथातल्या एका ज्येष्ठासह त्यांच्या घरी येते. दोघांच्या आजोबांनी मैत्रीपोटी यांची सोयरीक फार पूर्वी ठरवलेली असते. ती मोडावी, अशी विनंती घेऊन ती आलेली असते. भरपाई म्हणून एक दुर्मीळ औषध तिनं आणलेलं असतं. दिवाणखान्यात कुळातले सगळे वडीलधारे बसलेले. श्याओ यानचा बाप, जो कुळाचा प्रमुख आहे, त्याच्यासमोर हे चाललेलं. मुलगा उठतो, विनंती धुडकावतो, स्वतःच तिला सोडल्याचा कागद लिहून त्यावर रक्तानं माखलेला तळवा उमटवतो, आणि तीन वर्षांनी तुझ्या पंथाच्या डोंगरावर भेटू म्हणतो.

हा प्रसंग वाचून वाचकांच्या अंगात वीज शिरते, माझ्याही शिरली होती. ज्याला खाली दाबलं त्यानं सगळ्यांसमोर उलट थप्पड देणं हा या कादंबऱ्यांचा प्राण आहे, आणि त्याचा हा नमुनाच म्हणायचा. मी लेखात नालानला गर्विष्ठ, उन्मत्त, पंथाच्या जोरावर गरिबाला तुडवणारी असं लिहिलं. लेख छापून आल्यावर एका वाचक बाईंचं पत्र आलं. त्यांनी कादंबरी वाचलेली नव्हती. माझ्याच लेखातल्या हकिगतीवरून त्यांनी विचारलं होतं की सोयरीक आजोबांनी ठरवली, त्या मुलीला कोणी विचारलं होतं का? आणि नको असेल तर स्वतः येऊन सांगायचं नाही, तर काय करायचं?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याच नात्यात मोडलेल्या सोयरिकीचं खापर मुलीच्या डोक्यावर फोडलेलं मी पाहिलं आहे आणि त्यावरून घरात भांडलेही आहे. तीच मी, कागदावरच्या मुलीला मात्र क्षणात दोषी ठरवून बसले, कारण लेखकानं मला मुलाच्या शेजारी बसवलं होतं आणि मी तिथून हलले नाही.

पुन्हा वाचल्यावर त्या प्रसंगातल्या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या. बापाचा भर सभेत झालेला अपमान हा खरा अपमान आहे, आणि श्याओ यानचा संताप मुख्यतः त्यासाठीच आहे. त्याचं त्या मुलीवर प्रेम नव्हतंच. तिचा नकार मात्र तिच्या हक्काचा आहे. चुकली असेल तर सांगायची पद्धत. तीन वर्षांनी ती ठरल्याप्रमाणे त्याच्यासमोर उभी राहते, लढते आणि हरते. शब्द तिनंही पाळला. चिनी वाचकांमध्ये तिची बाजू घेणारे आहेत आणि तो वाद कादंबरी संपून वर्षं उलटली तरी चालूच आहे. मी त्यांचं काहीच वाचलेलं नव्हतं. मला सगळ्यांत मोठा आवाज ऐकू आला आणि तोच मी सगळ्यांचा समजले.

याच कादंबरीत एक गमतीची म्हणण्यापेक्षा विचार करायला लावणारी गोष्ट आहे. श्याओ यानची शक्ती ओसरली ती त्याच्या अंगठीत दडलेल्या याओ लाओ नावाच्या म्हाताऱ्या आत्म्यामुळे. तीन वर्षं तो ती शोषून घेत होता. म्हणजे मुलाच्या सगळ्या हालांचं मूळ हा म्हातारा. तरी वाचक त्याला लगेच माफ करतात, मीही केलं, कारण तो गुरू होतो, शिकवतो, जीव लावतो. नालाननं श्याओ यानचं काहीही हिरावलेलं नसताना तिला माफी नाही. पात्राला माफ करताना आपण त्याच्या कृत्याकडे बघतो की त्याच्याकडून नायकाला काय मिळालं तिकडे, हा प्रश्न मला त्या लेखाआधी पडायला हवा होता.

आणि या कथांमध्ये पणाला काय लागतं, याबद्दलही माझं चुकलं ते याओ लाओपाशीच. लेखात मी शक्तीच्या पायऱ्यांची यादी दिली होती, खालपासून थेट वरच्या ‘दोऊ दी’पर्यंत, आणि लिहिलं होतं की इथे फक्त पायरी बदलते, शत्रू मोठा होतो, भूमी मोठी होते, बाकी काही पणाला लागत नाही. हा आक्षेप अनेक कादंबऱ्यांना लागू आहेच. पहिल्या भागात ज्याच्या नावानं शहर थरथरतं तसले योद्धे शेवटी पैशाला पासरी होतात. वाचकही त्याला कंटाळतात. पण याओ लाओला शत्रू पकडून नेतात तेव्हा वाचक भूमीची किंवा पायरीची काळजी करत नाहीत. अंगठी रिकामी झाली, मुलाला आता सांगायला-विचारायला कुणी नाही, एवढंच त्यांना दिसतं. एक म्हातारा परत मिळावा म्हणून ते पुढची शेकडो प्रकरणं चालत राहतात. यादी करताना मी तो म्हाताराच यादीतून सोडला होता.

तिसऱ्या कादंबरीतल्या ज्यांग छंगच्या बाबतीत तर लेखिकेनं मला सरळ पुराव्यानिशी चूक ठरवलं. ‘मो दाओ जू शी’ ही मो श्यांग थोंग श्यू यांची कादंबरी 2015-16 मध्ये जिनज्यांग या संकेतस्थळावर क्रमशः आली. तिथे स्त्रियांनी लिहिलेलं आणि स्त्रियांनी वाचलेलं लेखन प्रचंड आहे, आणि माझ्या लेखात त्याचा उल्लेखही नव्हता. चिनी वेब-कादंबरी म्हणजे पुरुषांची मारामारी, असा माझा समज होता. या कथेचा नायक वेई वूश्येन सुरुवातीलाच मेलेला असतो, तेरा वर्षांनी दुसऱ्या देहात परततो, आणि भूतकाळ तुकड्यातुकड्यांनी उलगडतो. ज्यांग छंग हा त्याच्याबरोबर वाढलेला, भावासारखा, पण त्याच्या मृत्यूला हातभार लावलेला. खूप पुढे कळतं की शत्रूनं ज्यांग छंगची साधनेची शक्ती नष्ट केली होती तेव्हा वेई वूश्येननं त्याला न सांगता स्वतःची काढून दिली. हे वाचलं आणि मी ज्यांग छंगला कृतघ्न म्हणून मोकळी झाले. कादंबरी तिथेच बाजूला ठेवली आणि बोलताना, लिहिताना त्याचं उदाहरण देऊ लागले.

शेवटी, अगदी शेवटी, लेखिका एक गोष्ट उघड करते. ज्यांग छंग शत्रूच्या हाती लागला तो काही बेसावधपणामुळे नव्हे. वेई वूश्येन खाण्याचं आणायला गेला असताना शत्रूचे लोक त्याच्या दिशेनं येत होते, ते पाहून ज्यांग छंगनं त्यांना मुद्दाम स्वतःच्या मागे लावून घेतलं. शक्ती गमावली ती भावाला वाचवताना. आणि हे तो वेई वूश्येनला कधीच सांगत नाही, शेवटी समोरासमोर उभा असतानाही नाही. दोघांनीही एकमेकांसाठी सर्वस्व दिलेलं, दोघांनीही ते लपवलेलं. मी त्यातलं एक वाचून दुसऱ्याला कृतघ्न म्हणत फिरत होते. या पात्रावरून वाचकांत कडाक्याचे वाद आहेत आणि त्याला दोष देण्यासारखं पुष्कळ उरतं हेही खरं. पण माझा दोष त्या वादातल्या एका बाजूचा नव्हता; मी कादंबरी पूर्ण न वाचता बोलत होते.

एक मत मात्र मी बदललेलं नाही. शत्रूचं कूळच्या कूळ संपवणाऱ्या नायकाला जिथे टाळ्या पडतात आणि बायका बक्षिसासारख्या मिळत जातात, त्या कादंबऱ्या मला पुन्हा वाचूनही आवडल्या नाहीत. दयाळू नायकाला बावळट म्हणणाऱ्या वाचकांशी माझं आजही पटत नाही. फक्त आता तसं लिहायचं झालं तर कुठली कादंबरी, कुठलं प्रकरण, हे सांगून लिहीन.

आणखी एक चूक पैशाची आहे, आणि ती वाचकांच्या प्रतिक्रियेपासून वेगळी नाही. सुरुवातीची बरीच वर्षं मी या कादंबऱ्या चोरीच्या प्रतींमधून वाचल्या. त्यातल्या काही तर यंत्रानं कसंबसं भाषांतर केलेल्या होत्या. कोण बोलतंय ते कळत नसे, आणि पात्रं सपाट आहेत असा ठपका मी लेखकावर ठेवत असे. ज्या व्यवसायात हजार अक्षरांमागे काही फन मिळतात तिथे भरलेली वर्गणी ही लेखकाला पोचणारी सर्वांत स्पष्ट दाद असते. मी फुकट वाचलं, ती दाद कधी दिली नाही आणि वर जाहीर टीका केली. आता ‘मो दाओ जू शी’चे पाचही इंग्रजी खंड अधिकृतपणे छापील रूपात मिळतात, ‘लॉर्ड ऑफ मिस्टरीज’चा अधिकृत इंग्रजी अनुवाद ऑनलाइन आहे. वाचायच्या असतील तर कृपया त्या पैसे देऊन वाचा, रोज थोड्या वाचा, आणि घरात कुणी तुमच्या मागून वाचत असेल तर त्याला पुढचं सांगू नका.